मामाची गाडी, दोनदा उतरवलेलं हेड आणि कोरडा पुठ्ठा

तर प्रकरण माझ्या मामाच्या गाडीचं आहे. बाराशे सीसीची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड (म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण), ९२ हजार किमी झालेली, आणि मामाच्या मते 'अजून नवीच'. तीन महिन्यांत या गाडीचं हेड दोनदा उतरवावं लागलं. पहिल्यांदा हेड आणि ब्लॉकमधलं गॅसकेट बदलून काम झालं असं सगळ्यांना वाटलं, सात आठवड्यांत पुन्हा तेच. मी काही मेकॅनिक नाही, पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये अकरा वर्षं इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर गेज आणि सरफेस प्लेट यातच असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी मामीनेच मला फोन केला की बाई तू एकदा येऊन बघ, हा माणूस रोज सकाळी गाडीखाली वाकून बसतोय.

सुरुवात मात्र खूप आधी झाली होती, आणि गॅसकेटपासून नाही, एसीपासून. मार्चमध्ये मामाची तक्रार होती की हायवेला एसी बर्फासारखा आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट हवा. कोणीतरी सांगितलं गॅस कमी झाला असेल, भरून घेतला, अठराशे रुपये गेले, फरक शून्य. आता मागे वळून बघितलं की कळतं, तिथेच सगळं समोर होतं. या गाडीत रॅडिएटर आणि एसीचा कंडेन्सर दोघांसाठी मिळून एकच इलेक्ट्रिक फॅन आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वाराच काम करतो, फॅनची गरज पडत नाही. गाडी थांबली की सगळी मदार फॅनवर. फॅन फिरत नसेल तर पहिली बोंब एसी मारतो, इंजिन त्याच्या बरंच नंतर. फॅनचा कनेक्टर आतून जळून काळा पडला होता, पिन ढिली झालेली, कधी लागायचा कधी नाही. हे कुणी बघितलंच नाही कारण फॅन कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मामा दोन वर्षं इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बाटलीत कूलंटऐवजी साधं पाणी टाकत होता, तेही सोसायटीच्या बोअरवेलचं. त्याचं लॉजिक एकदम पक्कं, 'ठाण्यात बर्फ पडतो का, मग कूलंट कशाला?' ही समजूत इतकी कॉमन आहे ना. गोठू नये हे कूलंटचं एक काम झालं, पण आपल्याकडे बाकीची दोन जास्त महत्त्वाची, आतून गंज आणि क्षार धरू न देणं आणि उकळी वर ढकलणं. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, रॅडिएटरचं झाकण ०.९ ते १.१ बारचा दाब धरून ठेवतं म्हणून ते जाऊन १२० च्या आसपास, आणि अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर असेल तर अजून सात-आठ अंश वर. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाबच धरला जात नाही आणि हिशोब परत १०० कडे सरकतो. मामाच्या झाकणाच्या रबरला चीर होती, दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू.

मे महिना, रविवार, दुपार, काशिमिऱ्याला लग्न. घोडबंदर रोडने निघाले तेव्हा सगळं ठीक होतं, कारण कासारवडवलीपर्यंत रस्ता मोकळा. गायमुखच्या घाटात ट्रॅफिक ठप्प, चाळीस मिनिटं पहिला गिअर आणि हाफ क्लच, एसी चालू, गाडीत पाच माणसं. तापमानाचा काटा वर चढला. मामाने एसी बंद केला, काच खाली केली, आणि कशीबशी जागा मिळाल्यावर यू-टर्न मारून घराकडे वळला. इथपर्यंत चूक म्हणता येणार नाही. पण मग काटा एकदम खाली आला. म्हणजे हळूहळू नाही, झटकन, पार निम्म्याच्याही खाली. मामा खूश, म्हणाला बघा, वारा लागला आणि गार झाली.

आता हे नीट सांगते कारण या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. टेंपरेचर सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि पाण्याचं तापमान सांगतो, इंजिनचं नाही. पाणी उकळून बाहेर गेलं आणि सेन्सर उघडा पडला की त्याला हवा आणि वाफ लागते, मग तो काहीही दाखवतो, बऱ्याचदा कमीच. गरम गाडीचा काटा असा धाडकन पडला तर ती आनंदाची बातमी नाही, आत पाणी उरलेलं नाही असं समजायचं आणि तिथल्या तिथे इंजिन बंद. मामा ओवळ्याच्याही पुढे आला, पाच-सहा किलोमीटर, आणि वाघबीळच्या अलीकडे गाडीने ठकठक आवाज करून मान टाकली. हल्ली बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता लाल दिवा, म्हणजे हा 'झटकन पडला' वाला इशारासुद्धा मिळत नाही. मला हे कंपन्यांचं अजिबात पटत नाही.

काटा चढायला लागला तेव्हा काय करायला हवं होतं तर एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, मे महिन्यात घाम काढणारा प्रकार आहे पण हीटर म्हणजे एक छोटा रॅडिएटरच, तेवढी उष्णता आत खेचतो, आणि तरी उतरत नसेल तर कडेला घेऊन बंद करायची, अर्धा-पाऊण तास बोनेट उघडून ठेवायचं. झाकणाला हात लावायचा नाही, दाबाखालचं पाणी झाकण उघडल्या उघडल्या वाफ होऊन तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनवर बिसलरी ओतणारे महाभाग असतात, त्यांनी बाटली स्वतःच्या डोक्यावर ओतावी.

आता त्या पाच किलोमीटरमध्ये आत काय झालं. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो तो हेड गॅसकेट, आणि त्याच्याकडून आपण तीन कामं एकदम करून घेतो. सिलिंडरमधला जाळ सिलिंडरमध्येच ठेवायचा, पाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या, तेलाच्या वेगळ्या. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, पेट्रोल इंजिनमध्ये पूर्ण लोडला सिलिंडरच्या आत पन्नास-साठ बारपर्यंत दाब जातो, आणि हे सगळं दोन सिलिंडरमधल्या काही मिलिमीटरच्या पट्टीवर तोललेलं असतं. त्यात हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. साडेतीनशे मिलिमीटर लांब हेड १०० अंशांनी तापलं तर ते जवळपास ०.८ मिमी लांबतं, खालचा ब्लॉक ०.४ सुद्धा नाही. म्हणजे गॅसकेट रोजच्या रोज दोघांमध्ये घासलं जात असतं आणि ते सहन करायलाच बनवलेलं असतं. पण प्रमाणाबाहेर तापलं की हेडला लांबायचं असतं आणि बोल्टांनी त्याला आवळून धरलेलं असतं, जायला जागा नाही, मग ते मधून कमान घेतं, आणि गार झाल्यावर ती कमान पूर्ण सरळ होत नाही.

पहिलं गॅरेज घराजवळचंच, नाव नको. त्यांनी हेड उतरवलं, जळकं गॅसकेट मामाला दाखवलं, दोन आणि तीन नंबरच्या मधली पट्टी करपलेली स्पष्ट दिसत होती. नवीन गॅसकेट टाकलं, लोकल मेकचं, फॅनचा कनेक्टर तेवढा बदलला, जुने बोल्ट परत लावले, बिल साडेचौदा हजार. मामाने विचारलं होतं हेड चेक केलं का, तर उत्तर, 'काका, हात फिरवून बघितलंय, एकदम टकाटक.'

हात फिरवून. मी हे ऐकलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. माझं अख्खं करिअर या वाक्याच्या विरोधात गेलंय. खरवड हाताला लागते, ओरखडा नखाला लागतो, पण साडेतीनशे मिलिमीटरवर पसरलेली दहा-बारा शतांश मिलिमीटरची कमान जगातल्या कुठल्याच हाताला लागत नाही.

मग जून गेला, जुलै आला. आठवड्याला साधारण पाव लिटर पाणी कमी व्हायला लागलं. मामा परत त्याच गॅरेजला गेला तर त्यांनी लीक स्टॉपची, म्हणजे गळती आतून बुजवायच्या औषधाची, बाटली ओतून दिली, होऊन जाईल म्हणाले. नाही झालं. मामाने पार्किंगमध्ये गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला, कुठून गळतंय बघायला. रोज सकाळी पुठ्ठा कोरडा. तोच हा मामीचा फोन.

मी शनिवारी सकाळी सात वाजता गेले, मुद्दाम, गाडी रात्रभर गार झालेली हवी म्हणून. पहिलं काम, वरचा होज पाइप दाबून बघितला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो मऊ पाहिजे, हा टणक होता, म्हणजे आत कुठूनतरी दाब येऊन बसलाय. मग झाकण हळूच उघडलं, फुस्स झालं, इंजिन चालू केलं तर पहिले दहा-पंधरा सेकंद एक सिलिंडर मारतच नव्हता, गाडी थरथरत होती, आणि पाठीमागे पांढरा धूर. आता पावसाळ्यात सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमधून येते, मिनिट-दोन मिनिटांत जाते, त्यावरून कुणी घाबरू नका. हा धूर दाट होता, इंजिन गरम झाल्यावरही जात नव्हता आणि त्याला गोडसर वास होता, गॅरेजने कूलंट भरलं होतं त्याचा. ऑइल कॅपखाली पिवळट साय पण होती, पण तिच्यावर मी भरवसा ठेवला नाही, दमट हवेत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दवाने पण जमते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ होतं, म्हणजे पाणी तेलात जात नव्हतं. ही मोठी गोष्ट, कारण तेलात पाणी गेलं असतं तर बेअरिंगांचा पण हिशोब आला असता.

रॅडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते. बुडबुडे म्हणजे नुसती अडकलेली हवासुद्धा असू शकते, म्हणून माझ्या ओळखीच्या कळव्याच्या मेकॅनिकला बोलावलं, त्याच्याकडे ब्लॉक टेस्टर आहे. काचेच्या नळीत निळं पाणी असतं, ती रॅडिएटरच्या तोंडावर बसवायची आणि आतली हवा त्यातून खेचायची. सिलिंडरमधला जळलेला गॅस पाण्यात शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळ्याचं पिवळं होतं. मामा चष्मा लावून बघत होता. मिनिटभरात रंग हिरवट झाला आणि मग पिवळा, आणि मामा एकदम गप्प झाला.

मग स्पार्क प्लग काढले. एक, दोन आणि चारचे नेहमीसारखे तपकिरी, तीनचा मात्र नुकतीच कल्हई केल्यासारखा लख्ख. पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होत असेल तर ती वाफ प्लग धुऊन काढते, पुठ्ठा कोरडा राहण्याचं कारण हेच, पाणी खाली गळत नव्हतं, सायलेन्सरमधून उडून जात होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं तर एकला १७५ पीएसआय, चारला १७२, आणि दोन-तीन दोन्ही १२० च्या आत. शेजारशेजारचे दोन एकदम पडले की बोट मधल्या पट्टीकडेच जातं. एकटाच पडला असता तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन रिंगचा संशय घ्यावा लागला असता.

हेड दुसऱ्यांदा उतरलं ते कळव्यात. बोल्ट सोडताना बाहेरून आत, थोडे थोडे, बसवताना बरोबर उलटं, मधून बाहेर. मी स्ट्रेट एज (एकदम सरळ पट्टी) आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) घरून घेऊन गेले होते (हो, माझ्याकडे घरी आहेत, नवरा पण हसतो). हेड उलटं ठेवून स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत लावायचा. कडेला ०.०५ मिमीची पात जाईना, छान. मध्यावर, दोन आणि तीनच्या मध्ये, ०.०५ गेली, ०.०८ गेली, ०.१० गेली, ०.१२ ची पात किंचित अडकून गेली. या इंजिनची मर्यादा ०.०५. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ असतो, म्हणजे गॅसकेटच्या डोक्यावर मधोमध कागदापेक्षा जास्त फट ठेवूनच पहिल्यांदा इंजिन परत जोडलं होतं. नवं गॅसकेट सात आठवडे टिकलं हेच नवल. मी मामाच्या हातात पात दिली आणि म्हटलं तूच घालून बघ. त्याने घातली, काढली, परत घातली, आणि मग पहिल्या गॅरेजबद्दल जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

ब्लॉकचा वरचा भाग पण तपासला, ०.०३, चालतंय. हेड वागळेतल्या एका शॉपला फेसिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, दिलं, त्याआधी प्रेशर टेस्ट करून घेतली, म्हणजे पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरायची आणि गरम पाण्यात बुडवून चीर आहे का बघायचं. चीर असलेलं हेड फेसिंग करणं म्हणजे फुकटचा खर्च. नशीब, चीर नव्हती. ०.१५ मिमी घासल्यावर सपाटी ०.०२ च्या आत आली. जास्त घासायला मी कुणालाच देत नाही, ज्वलनाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, आणि मॅन्युअलमध्ये हेडच्या उंचीची खालची मर्यादा दिलेली असते. फिनिशसुद्धा बघायला लागतं, कारण कंपनीचं गॅसकेट स्टीलच्या तीन-चार पातळ थरांचं असतं, त्यावर उठवलेल्या कडा स्प्रिंगसारख्या दाबल्या जातात आणि वर रबराचा अगदी पातळ मुलामा. जुन्या जमान्यातलं फायबरचं जाड गॅसकेट खरबरीत पृष्ठभाग पोटात घ्यायचं, हे स्टीलवालं नाही घेत.

एक गोष्ट मी तिथे अडवली. हेल्पर ब्लॉकवरचं चिकटलेलं जुनं मटेरियल काढायला ग्राइंडरला एमरीची चकती लावत होता. त्या चकतीची भुकटी तेलाच्या भोकांत गेली की थेट बेअरिंगांत, आणि शिवाय एका जागी हात जड पडला की खड्डा. म्हटलं दादा, प्लॅस्टिकची पट्टी आणि क्लीनर, वेळ लागू दे. तो म्हणाला, 'ताई, असंच करतो आम्ही बारा वर्षं.' मेकॅनिकने त्याच्याकडे बघितलं आणि चकती गेली. बोल्टांच्या भोकांतलं पाणी-तेल हवेने उडवणं हे त्याने मात्र न सांगता केलं. ती भोकं खालून बंद असतात, तळाला पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्या पाण्याला जायला जागा नसते आणि बिडाला चीर पडते, आणि मग ब्लॉकच नवा.

बोल्ट नवे घेतले, मामा तिथे कुरकुरला की जुने चांगले दिसतायत. दिसतात चांगले. पण या इंजिनचे बोल्ट मुद्दाम ताणून बसवायचे आहेत, आधी टॉर्क रेंचने ठरलेला टॉर्क, मग ९० अंश, मग परत ९० अंश. ताणलेला बोल्ट पूर्वीच्या लांबीवर येत नाही. जुना आणि नवा शेजारी धरल्यावर जुना नुसत्या डोळ्यांनी लांब दिसत होता, मामाने फोटो काढला.

बाकी मग एकदा उघडलंच आहे म्हणून टाइमिंग बेल्ट आणि वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रॅडिएटरकडची वाट उघडणारी झडप, जुना घरी पातेल्यात थर्मामीटर टाकून बघितला तर नीट उघडतच नव्हता), झाकण, रॅडिएटर काढून साफ, नवं तेल आणि फिल्टर. ब्लॉकमधून जे पाणी निघालं ते चहासारखं होतं. सगळे मिळून २७ हजार ८००, पहिले साडेचौदा आणि एसीचे अठराशे वेगळे. जुनं कूलंट गटारात ओतू दिलं नाही, ते विषारी असतं आणि चवीला गोड, गॅरेजबाहेरची कुत्री चाटतात.

भरताना गाडीचं तोंड चढावर, हीटर फुल गरम, सावकाश ओतायचं आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे अडकलेली हवा निघते. पाचशे किमीला बोल्ट परत आवळा असं एका शेजाऱ्याने सांगितलं, ते जुन्या गॅसकेटचं शास्त्र, हे ताणलेले बोल्ट परत आवळायचे नाहीत.

आता नऊ महिने आणि ६,४०० किमी झाले. बाटलीवर मी मार्करने रेघ मारून ठेवली होती, पातळी अजून रेघेवर आहे, गार इंजिनला बघायची हे मामाला पाठ झालंय. कसारा घाट चढून नाशिकला जाऊन आला, गायमुखला परत अडकला, काटा हलला नाही. सिग्नलला एसी लावून काच खाली करतो आणि फॅनचा घर्रर्र आवाज ऐकतो, मामी वैतागते. पहिल्या गॅरेजवाल्याने बरीच हुज्जत घालून तीन हजार परत दिले.

एकच राहिलंय. लीक स्टॉपची ती बाटली हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसलीये, हीटर फुलवर ठेवला तरी कोमटच येतो. साफ करायला आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मी दोनदा म्हटलं करून घे, तर मामा म्हणतो, 'ठाण्यात हीटर कुणाला लागतो गं?'